मुकी सायकल

हिरासिंग बेड्यावरून पायीच आला,
पैसे धोतराच्या सोग्यात.
म्हणाला, "मिस्त्री, जुनीचा दांडा मोडला नाल्यात.
बरंच झालं. लय टिकटिक करे.
दुसरी दाखव. रानात नेवाची हाय."

मी आधी निळी काढली, गिअरवाली,
शाळा सुटली की पोरं जिच्याभोवती रेंगाळतात.
त्यानं रंगाकडं पाहिलंच नाही.
मागचं चाक उचललं, फिरवलं
आणि डोळे मिटून ऐकत राहिला,
पोर झोपलं का ते पाळण्याबाहेरून ऐकावं तसा.
"हे बोलते," म्हणाला. "तितराच्या कानाले पोचते."

सात सायकलींची चाकं फिरली.
शेवटी कोपऱ्यातली काळी, बावीस इंची,
दुहेरी दांड्याची,
मागं कुण्या दूधवाल्याचं नाव अर्धं खरवडलेलं.
"हे बैलावानी हाय. टेकाडावर तोंड वाकडं करन, पण चढन."

लोक सायकलीला काही ना काही लावून घेतात.
हा उतरवून घेत होता.
स्टँड. "बाभूळ हाय ना टेकवाले."
चेनकव्हर, ते खडखडतं म्हणून.
मडगार्डवरची लाल काच, चांदणं तिच्यात अडकतं म्हणून.
घंटी मात्र स्वतः पिळून सोडवली,
माझ्या तळहातावर ठेवली.
"तुयापाशीच राहू दे."

टायरच्या पोटात जुन्या टायरची पट्टी घातली,
सराट्यांचं आणि हिवराच्या काट्यांचं तोंड बंद.
फ्रीव्हीलमध्ये बंडीच्या आखाला देतात तेवढं
जाड ग्रीस कोंबलं.
टिकटिक हळूहळू बुडत गेली.
दांड्याला फाशांच्या कामट्यांचा जुडगा,
बैलाच्या शेपटीच्या केसांचे फास,
त्यातले काही त्याच्या बापानं वळलेले.
मी ट्यूबच्या रबरानं तो आवळला.
कॅरिअरवर पिंजऱ्याची जागा:
पोतं चौपदरी,
वर मूठभर मऊ माती, पाखराला लोळायला.
"त्याले हिसका नाई बसला पायजे."
स्वतःच्या सीटबद्दल बोलला नाही.
सीटची स्प्रिंग तुटलेली होती.

कायद्यात बसत नाही, मला ठाऊक होतं.
मी पंधरा रुपये कमी केले, तेही खरंच.

दिवाळी उलटून गेल्यावर, बाजाराच्या दिवशी,
तो पुन्हा दारात.
"बिघडली?"
"सायकल नाई. पाखरू."
पिंजऱ्यावरचं फडकं त्यानं बोटभर उचललं.
आत तितर, फुगून, भिंतीकडं तोंड.
तीन महिने एक हाक नाही दिली त्यानं
धुऱ्यावर, पडीत रानात, कुठंच.
जुन्या सायकलीवर वाढलेलं ते.
चोच फुटल्यापासून टिकटिकीलाच
आपल्यातलं कुणी समजून ओ देत आलेलं.
"आन मले वाटे, मायं आयकते."

मी फ्रीव्हीलमध्ये रॉकेल सोडलं.
काळं ग्रीस परातीत ठिबकत राहिलं.
चाक फिरवलं. काही नाही.
पुन्हा रॉकेल, पुन्हा चाक.
तिसऱ्यांदा, टिक, टिक टिक टिक,
आणि फडक्याखालून, भर बाजारात,
मिरच्यांच्या ढिगांवरून, कापडाच्या पालांवरून
कतितर, कतितर, कतितर.

समोरच्या टपरीवर वनरक्षक चहा ओतत होता.
बशी ओठांशी थांबली.
हिरासिंगचा एक पाय पळायला निघालेला,
दुसरा जागच्या जागी.

मी खिळ्यावरची घंटी काढली आणि वाजवली.
निळीची वाजवली.
पंक्चरला आलेल्या गुलाबी सायकलीची वाजवली.
भाड्याच्या चार उभ्या होत्या, त्यांच्याही.
"काय लावलं बे?" पलीकडून आवाज.
"घंट्या तपासतो, साहेब. एक बोलत नव्हती."

पाखरू थांबेचना.
प्रत्येक घंटीला त्याचं वेगळं उत्तर होतं.
बशी हळूच ओठाला लागली.
हिरासिंगनं घाम पुसला,
माझ्या हातातल्या घंटीकडं बराच वेळ पाहिलं.
"मिस्त्री," म्हणाला,
"हेबी लावून दे."