निघाला

आपण म्हणतो, पोराला गोवर निघाला.
जसा कुणी सकाळच्या एसटीने निघाला.
कुठून निघाला, ते घरात कुणी विचारत नाही.
विचारायचा मला पगार मिळतो,
मस्कतमध्ये, रियालात.

सोहारहून थंड पेटीत बारा नळ्या आल्या.
बारा घसे. बंदरामागच्या कॅम्पातले,
एका खोलीत आठ पलंग, तिथले.
सोबत चिठ्ठी:
पहिला रुग्ण यासीन हमदुले, क्रेनवाला,
दापोलीहून परतल्याच्या नवव्या दिवशी पुरळ.
खाली निळ्या शाईत कुणीतरी: याच्यामुळे.

विषाणूच्या अख्ख्या पोथीतली
मी चारशे पन्नासच अक्षरं वाचते.
ए, टी, जी, सी. काना नाही, मात्रा नाही.
नक्कल उतरवताना तो मधूनच चुकतो,
जेवणाच्या सुट्टीआधीच्या कारकुनासारखा,
आणि चुकांवरूनच कळतं
कोण कुणाच्या घरचा.

रात्रभर यंत्र चाललं.
इथे ऑगस्टात काचेला घाम बाहेरून फुटतो.
पहाटे अकरा ओळी, एकीखाली एक,
अक्षराला अक्षर लागून.
बारावी, यासीनची,
एकोणीस जागी वेगळी.

नमुना पुन्हा लावला.
पुन्हा एकोणीस.

डॉक्टर शम्सा खजुराची बी तोंडात घोळवत
पडद्याकडे वाकल्या.
"याने आणला तो याच्याजवळच राहिला.
कुणाला दिला नाही यानं."
मग त्या अकरांचा कुठला?
साठ्यात शोधलं. सगळ्यात जवळचं नातं
एका अशा शहराशी निघालं
जिथे क्रेनवाले जात नाहीत,
जिथून कोट घातलेले लोक तपासणीला येतात,
कॅम्पात पाऊण तास फिरतात, हात मिळवतात,
एखादा शिंकतोही.
त्या माणसाचा घसा पेटीत नव्हता.
चिठ्ठीतही नव्हता.

मी कॅम्पात फोन लावला.
पलीकडे पंखा, कुणाचं तरी भांडं पडलं.
हमदुले? तो शुक्रवारीच निघाला, म्हणाला.
निघाला की काढला?
मॅडम, व्हिसा रद्द झाल्यावर
दोन्ही एकच.

अहवालात मी लिहिलं:
रुग्ण क्रमांक एक, साखळीबाहेर.
क्रमांक मात्र एकच राहिला,
तो बदलायला रकाना नाही.
प्रती कुणाकुणाला, ती यादी खाली छापलेली असते.
तीत दापोली नाही.

नळ्या उणे ऐंशीत ठेवल्या.
बारावीवरचं नाव ओलं होऊन
माझ्या हातमोज्यावर उतरलं,
उलटं,
पण वाचता येईल असं.