जवारी

मिरजेत, दवाखान्यांच्या मागच्या बोळात माझं टेबल.
वर ट्यूबलाइट, खाली प्लास्टरचा चुरा,
आणि फळीवर ओळीनं मांडलेली तोंडं,
माणसं वजा करून.

प्रत्येकाला रबरानं चिठ्ठी.
म्हैसाळ, पुरुष, साठ, खालची कवळी.
मालगाव, मुलगी, सात. दुधाच्या दोन दाढा काढल्या,
जागा राखायला तार.
आरग, पुरुष, एकतीस, याचा साचाच नाही, नुसती चिठ्ठी:
गुटखा. तोंड दोन बोटं उघडतं. माप घेता आलं नाही.
बेडग, स्त्री, बावन्न, वरचा एकही नाही.

चेहरे मला ठाऊक नसतात.
कोण कुठल्या बाजूनं चावत आलं
आणि कुठली बाजू वर्षानुवर्षं टाळत आलं,
तेवढं प्लास्टरमध्ये उमटतं.

शेजारी अमीरहमजाचाचा सतारीची घोडी घासतात.
"कानस तुझी नि माझी एकच," म्हणतात.
तार घोडीवर नुसती टेकून भागत नाही,
टेकता टेकता सुटली पाहिजे.
केसभर जास्त घासलं की आवाज गेला.
याला ते जवारी म्हणतात.
मला पहिल्यांदा भाकरीच आठवली होती.

बेडगची बाई परवा स्वतःच आली.
पेशंटनं इकडं यायचं नसतं. तिला कुणी सांगितलं नव्हतं.
आक्काताई मगदूम.
पदराची गाठ सोडली, एसटीच्या तिकिटाखालून कवळी काढली.
"टोचतीया. आनि शिट्टी वाजतीया.
सुनंचं नाव सुषमा. हाक मारली की पोरं हसत्यात."

निळा कागद दिला. चावा. कट कट.
डावीकडं ठिपका गडद.
घासलं. परत चावा. परत घासलं.
तीन आठवड्यांची कोरी कवळी,
आणि कडेला तपकिरी रेघ.
"मावशी, मशेरी?"

हाताआड हसली.
"दात काढून वाटीत ठिवता येत्यात.
सवय कशात ठिवू?"

मग कुणी न विचारता सांगू लागली.
सकाळी उंबऱ्यावर बसते. बोट फिरत असतं.
"तेवढा वेळ कुनी हाक मारत न्हाई.
तोंडात मशेरी हाय म्हटल्यावर मालकपन थांबत्यात.
लगीन झाल्यापास्नं तेवढीच पंधरा मिंटं माझी.
दात हुतं तवा दातांसाठी म्हनायची.
आता काय म्हनू?"

भिंतीवरचा तक्ता मला पाठ आहे:
तंबाखू, पांढरा चट्टा, न भरणारी जखम,
मऊ ब्रश, रात्री झोपताना, कवळी पाण्यात.
सगळं सांगितलं. सांगावंच लागतं.
तिनं ऐकलं,
स्टँडवर दुसऱ्या गावच्या गाडीची घोषणा ऐकावी तसं.

कानस पुसता पुसता मी म्हणाले,
"नुसता ब्रश धरून बसा की उंबऱ्यावर.
कोरडा. ओठ मिटून. कुणाला कळतंय?"

ती थांबली. हिशेब केल्यासारखी.
"पंधरा मिंटं?"
"वीस बसा."

कवळी बसवली, जीभ एकदा फिरवली,
दाराकडं बघून हळूच म्हणाली, "सुषमा."
शिट्टी नाही.
शेजारी कुठलीतरी तार छेडली गेली, आमच्यासाठी नव्हे.
"भाकरी?"
"महिनाभर कालवून खा. मग कडक."
"शाळूची हाय," म्हणाली, जणू त्यानं काही फरक पडणार होता,
आणि सहाची बेडग गाडी गाठायला निघाली.
ब्रश घेईल का नाही, माहीत नाही.
मशेरीची पुडी काही तिनं माझ्यापाशी ठेवली नाही.

घरी मोरीच्या फळीवर एका पेल्यात चार ब्रश.
सगळ्यांत पिसारलेला माझा.
डाव्या दाढेत लवंग दाबली.
दिवाळीपासून मी उजवीकडनंच जेवते.
हे अजून कुठल्या साच्यात उमटलेलं नाही.