विसरायचं वाक्य

तेवीस सालचा हिवाळा. रेगेन्सबुर्गात
बिअरच्या कारखान्याखालचं तळघर, भिंतींना आंबूस वास.
तिकीट एक अंडं, नाहीतर कोळशाच्या दोन विटा.
नोटा कुणी घेत नव्हतं. पहिल्या अंकात मोजायला बसलं
तर तिसऱ्यापर्यंत त्यांची रद्दी व्हायची.

मी खड्ड्यात. मांडीवर संहिता,
हातात मेणबत्तीचा तुकडा.
तिथून दिसायचे फक्त बूट.
नटांना मी अजून बुटांवरून ओळखते.

लोरेन्झ थीसेन, वय चोवीस,
अंगात भावाचा कोट. भाऊ व्हर्दूनलाच राहिला.
त्याच्या नाटकात एक माणूस दार विकत घेतो.
नुसतं दार. भिंत पुढच्या महिन्यात यायची असते.
तोवर सगळे शहाण्यासारखे टकटक करतात,
बायको बाजूनं वळसा घालून सूप आणून देते
आणि वर रागावते, कडी का लावून घेतलीत?

"वाल्बुर्गाबाई," तो म्हणाला, "पान एकेचाळीस.
इथं एमेरामला एक वाक्य आठवत नाही.
तुम्ही ते सांगायचं नाही."
कुठलं वाक्य? पानावर तर काहीच नव्हतं.
"मलाही आठवत नाही," म्हणाला. चेहरा अगदी सरळ.

पहिला प्रयोग. पान एकेचाळीस.
एमेरामचे बूट थांबले. डाव्याचा तळ पुठ्ठ्याचा.
कुणी खोकलं. कुणी फिसकन हसलं.
चौथ्या मिनिटाला क्नाब्ल खाटीक उठून ओरडला,
माझं अंडं परत द्या!
टाळ्या काय त्या त्यालाच पडल्या.

मग पुन्हा शांतता. ही मात्र माझ्या ओळखीची.
घरी झेव्हेरीन पाच वर्षं असाच बसलाय,
चमचा अर्ध्यावर,
आणि मी रोज त्याला पुढचं वाक्य पुरवते:
मीठ हवंय? थंडी वाजते? खिडकी लावू?
रोज चुकीचं.

अकरा मिनिटं ओठ दाबून धरले,
चौदा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच.
मेण बोटांवर ओघळलं, तरी हूं नाही की चूं नाही.
वरती त्या बुटांनी हळूच
एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतला.
बस्स, एवढंच घडलं.

घरी आले. सूप वाढलं. काही विचारलं नाही.
सूप निवलं, वर साय धरली.
बऱ्याच वेळानं तो म्हणाला,
"कडी."

उठून पाहिलं. लावलेलीच होती.
तरी काढली,
आणि पुन्हा लावली.