दोन बोटं

मेस्त्री ओयार्सो धक्क्यावरून आले
तेव्हा दाल्काउएत ओहोटी होती,
माझ्या खोलीखालचे खांब गुडघ्यापर्यंत उघडे पडलेले.
स्वेटरच्या आतून त्यांनी पिठाच्या पिशवीचा कागद काढला,
चारदा दुमडलेला, कोपऱ्यावर मातेचा हिरवट डाग.
कागदावर बोट.
सुताराच्या चपट्या पेन्सिलीनं काढलेली.
"संस्थेच्या पाटीसाठी हवीय," म्हणाले,
"पोर्तो मोंतच्या मशीनला म्हणे कागद चालत नाही."

मशीनला बिंदू चालतात.
स्कॅन केलं आणि प्रोग्रॅमला म्हटलं, तूच काढ बाबा.
त्यानं काढलं. चहा ओतायला लागतो तेवढाही वेळ नाही.
अकराशे बारा बिंदू,
थरथरीच्या प्रत्येक दाताला एक,
कागदाच्या घडीला तो डोलकाठी समजला,
आणि डागालाही त्यानं किनारा काढून दिला.
मेस्त्री पडद्याजवळ वाकले.
"हे केहुई बेट कशाला आणलंस मध्ये?"

पुसलं सगळं.
मूळ चित्र फिकं करून खालच्या थरावर ठेवलं,
त्याला कुलूप घातलं, वर कोरा थर घेतला.
नाळेवर पहिला बिंदू.
धरून ओढला की त्याला दोन मिशा फुटतात,
एक मागे, एक पुढे,
मिशी वळेल तिकडे रेघ वळते.
बिंदू कमी, श्वास लांब,
एवढंच सान्तियागोत फी भरून शिकले होते.

पण थरथर ठेवायची, हे मी आधीच ठरवलेलं.
ऐंशी वर्षांच्या हाताची सही वगैरे.
लोकांना असलं आवडतं. मलाही.
एकेक हिसका जपून काढला, दुपार गेली त्यात,
आणि कौतुकाची वाट बघत खुर्ची मागे सरकवली.

किटली खदखदत होती, ती त्यांनी आधी बाजूला घेतली.
"पोरी, हात थरथरतो माझा.
बोट थरथरत नव्हती."
मग थोड्या वेळानं,
"अशा फळ्या बसवल्या असत्या
तर खाडीच्या तोंडाशीच बुडालो असतो."

कानाची पाळी गरम झाली.
एकेक दात उपटत गेले.
उरले सतरा बिंदू,
आणि नाळेपासून सुकाणूपर्यंत
एका दमात ओढलेली रेघ.
मोठी केली, खिडकीएवढी, चर्चच्या दाराएवढी,
कुठं फुटली नाही, कुठं पिसकटली नाही.
मेस्त्रींनी टोपी काढून मांडीवर ठेवली.
"हीच. हीच काढत होतो मी."

जायला उठले, आणि उभ्या उभ्याच
त्यांचं बोट काचेवर आलं,
वरच्या फळीवर, नाळेपासून तिसऱ्या फासळीशी.
"इथला उंचवटा कुठाय?"

थरथर होती ना ती, मी म्हणाले.

"ती सेगुन्दो नाहुएल्किनची फळी.
त्या साली सायप्रस मिळेना,
त्यानं स्वतःच्या घराचं दार उतरवून दिलं.
बाकीच्या फळ्यांहून दोन बोटं जाड.
रंधा मारला असता तर बसली असती सपाट.
पण दिलेलं कोण तासतं?"

मी खालचा थर पुन्हा उजळला.
दिसत होतं की. सगळ्या दातांमधून एक दात
बिनचूक, जागेवर, दोनदा गिरवलेला.
हात कापताना त्यांनी तेवढ्यासाठी
मनगट टेबलाला दाबून धरलं असणार.

अठरावा बिंदू. मिशी वर ओढत नेली.
काचेवर बोट थरथरत होतं,
ते एवढंच म्हणालं, अजून.
अजून.
बास.

कागद त्यांनी परत मागून घेतला,
त्याच घड्यांवर घातला, स्वेटरच्या आत.

मंगळवारी पोर्तो मोंतहून मशीनवाल्याचा फोन.
"मॅडम, तिसऱ्या फासळीशी रेघ उचलली गेलीय,
सरळ करून टाकू? एका क्लिकचं काम आहे."
खाली भरती खांबांना लागत होती.
दार, नाहुएल्किन, तो लाकडाच्या टंचाईचा हिवाळा,
त्याला फोनवर कुठून सांगायला लागू?
"नको," म्हटलं, "मोजून घ्या.
दोन बोटं आहेत."