पिवळ्यात लाल किती

पिशवीत हळदीचं पाकीट घेऊन
लॅपटॉप घ्यायला आलेली बाई
आजवर पाहिली नव्हती, असं नौशाद म्हणाला,
आणि स्टूल पुढे सरकवलं.

लॅमिंग्टन रोडवर, जिन्याखालच्या फटीत त्याचं दुकान.
अकरा स्क्रीन, अकराही जागे.
एकावर ड्रॅगन जळतोय,
एकावर कुठल्याशा देशातला धबधबा
पडतोच आहे, भिजत कोणीच नाही.

हा घ्या, म्हणाला, बत्तीस जीबी रॅम,
कीबोर्डात दिवे, गेम सुसाट पळतात.
म्हटलं, मला पळायचं नाहीये.
मला एका जागी बसून
पिवळ्यात लाल किती, एवढंच बघायचंय.

जुन्या लॅपटॉपच्या काचेला तांबूस झाक होती.
चार वर्षांत ती डोळ्यांत मुरली,
आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही, तशी.
मार्चमध्ये मी हळदीच्या पाकिटातला लाल कमी केला.
रात्री दोनला प्रेसवरून पागधरे मामांचा फोन,
मागे मशीनची घरघर:
"बाय, तुजी काच खोटं बोलते.
थांबवू का?"
मी अर्धवट झोपेत म्हटलं, छापा.

नव्वद हजार पाकिटं.
लिंबू सरबताच्या रंगाची हळद
मस्जिद बंदरच्या गोदामात उतरली.
शेठ ओरडले नाहीत.
बिलातून बत्तीस हजार वळते केले,
वर चहा पाजला.
तो चहा अजून खाली उतरलेला नाही.

तर पेनड्राइव्ह दिला. त्यात एकच फाइल,
चित्र नाही, अक्षर नाही, नुसता पिवळा.
नौशादने ती अकरा ठिकाणी उघडली
आणि ड्रॅगन विझला, धबधबा थांबला,
जिन्याखाली अकरा पिवळे उभे राहिले:
झेंडू, टॅक्सीचा टप, जुनी वर्तमानपत्रं,
एकाला तर चक्क कावीळ.
सहा वर्षं विकतोय मी, तो हळूच म्हणाला,
मग यातला खरा कुठला?

त्याने आपणहून ट्यूब बंद केली.
तीन लॅपटॉप उचलून फुटपाथवर आणले,
उभ्या स्कूटरच्या सीटवर एकेक ठेवत
चारच्या उन्हाकडे पाठ करून बघत राहिलो.
मी पाकीट फोडलं, चिमूटभर तळहातावर घेतली,
हात काचेशेजारी धरला.
हातगाडीवाला थांबला, मान तिरकी करून म्हणाला,
मधला आजारी आहे.
होता.

उरला तो राखाडी, गेल्या वर्षीचा,
झाकणावर ओरखडा, दिवे नाहीत, सोळाच जीबी,
चमक नसलेली काच, तीत माझं तोंड दिसत नव्हतं
हे एक बरंच.
चौऱ्याऐंशी हजार. बारा हप्ते.
म्हणजे दाढेचं काम पुढच्या वर्षी,
आणि खुर्ची आहे तीच, उशी घालून.

सही करताना वाऱ्याने तळहातावरची उडाली,
थेट कीबोर्डवर.
नौशाद रंगाच्या ब्रशने झाडत बसला.
मॅडम, वॉरंटीत हळद येत नाही हां.

रात्री पागधरे मामांना फोन केला.
म्हटलं, नवी काच घेतली. मार्चमध्ये तुमचं ऐकायला हवं होतं.
पलीकडे टीव्ही चालू होता, तो बारीक झाला.
"मोतीबिंदू काढला गं परवा.
तवापासून सगळंच निळसर दिसतंय मला,
भात पण निळा, तुझी मामी पण.
डॉक्टर म्हणतो, हेच खरं,
आधीचं पिवळं होतं, ते मोतीबिंदूचं.
आता इतकी वर्षं मी काय पास केलं
ते देवाला ठाऊक.
यापुढं तूच सांगत जा, बाय."

मी बराच वेळ काही बोलले नाही.
मग फाइल उघडली,
आणि लाल एक टक्का वाढवून
परत कमी केला.
एल आणि केच्या फटीत
थोडी हळद अजून आहे.