दोन-चार थाऊ

भूपालच्या लेथपाशी मायक्रोमीटर असतो,
जुन्या बनियनच्या फडक्यात गुंडाळलेला.
कुठलाच नग तंतोतंत उतरत नाही, तो म्हणतो,
दोन-चार थाऊ इकडंतिकडं चालतंय.
थाऊ म्हणजे केसाहून बारीक.
वीस वर्षं हे ऐकलं,
माझ्या काय कामाचं, असं वाटायचं.

मग त्या मार्चात
तो नऊ रात्री झोपला नाही,
आणि दमलाही नाही.
तीन वाजता मला उठवून सांगायचा,
शिरोलीत आपली फौंड्री, मग पुण्यात, मग जर्मनीत,
वाक्याच्या पाठीवर वाक्य, मधे श्वासाला जागा नाही.
सोसायटीचं कर्ज काढून तीन लेथ बुक केल्या,
टपरीवर अख्ख्या उद्यमनगरचा चहा स्वतःच्या खात्यावर.
पोरं म्हणाली, नाद खुळा!
मी पण हसले.
पहिले चार दिवस मी पण हसले.
हे डॉक्टरबाईंना अजून सांगितलेलं नाही.

मे महिना त्यानं भिंतीकडं तोंड करून काढला.
दाढी, अंघोळ, लेथ, पोरीचा निकाल,
सगळं एकाच लांबीवर, लई लांब.

जाऊबाई म्हणाल्या, मूड काय गं, सगळ्यांचेच बदलतात.
आमचे हे बी सकाळी गोड, संध्याकाळी कडू.
खरंय.
माझाही बदलतो, दिवसातनं पाच वेळा.
गॅस संपला की. माहेरचा फोन आला की.
पण माझ्या रागाचं शेपूट हाताला लागतं,
ओढलं की दुसऱ्या टोकाला कुणीतरी, काहीतरी असतं.
झोप झाली की तो राग शिळा होतो.
भूपालच्या त्या आनंदाला दुसरं टोकच नव्हतं.

राजारामपुरीतल्या शिरगुप्पे डॉक्टर म्हणाल्या,
एका दिवसावरनं काही ठरवू नका, तुम्ही तर मुळीच नको.
वही ठेवा. आधी झोप लिहा.
मग बोलणं, मग पैसा.
किती दिवस टिकतंय ते बघा.

आता जून-जुलैत गाव राजाराम बंधाऱ्याची फूट विचारतं
तशी शिरोळहून आई फोनवर विचारते, काल किती?
मी म्हणते, सात तास.
पाणी पात्रात आहे.

गोळ्यांनी त्याचा हात जरासा थरथरतो.
मायक्रोमीटरचा आकडा आता सर्जेराव वाचतो,
भूपाल खिडकीतनं बाहेर बघतो
आणि म्हणतो, बरोबर आहे.

खरं तर थरथर मलाच जास्त लागली.
तो न्हाणीघरात शीळ घालतो,
मी गोळ्यांची पाकिटं मोजते.
तो नवं पायताण आणतो,
मी किंमत विचारते, मग दुकान, मग वेळ.
एकदा दारात उभा राहून म्हणाला,
हसायला बी आता तुझं लायसन लागतंय व्हय?
मी वही मिटली.
पेन मात्र आत राहिलं, पानाची खूण म्हणून.

परवा आमटीत मीठ कमी पडलं.
मीठ एकदम कमीजास्त नको म्हणून डॉक्टरांनी बजावलंय, तरी!
ताट सरकवून तो गच्चीवर गेला.
मी घड्याळ बघितलं.
पंचवीस मिनिटांनी खाली आला,
लोणच्याशी भाकरी खाल्ली, पंख्याला शिव्या दिल्या,
दहाला घोरायला लागला.

नुसता चिडला होता.
नुसता!
अंधारात मी ते घोरणं ऐकत बसले,
कुणी पेढे आणून दिल्यासारखी.
वहीत लिहिलं: राग, पंचवीस मिनिटं. कारण मीठ. चूक माझी.
मग "चूक माझी" खोडलं.

सकाळी आठवलं, ताट सरकवलं होतं.
मग मी दोन दिवस बोलले नाही.
तिसऱ्या दिवशी चहाचा कप पुढं करत,
बशीत थोडा सांडत,
त्यानं हळूच विचारलं,
काल किती झोपलीस?