शून्य पॉइंट दोन

सांगलीत, वखारभागात, जिन्याखाली माझं दुकान.
शेजारी हळदीचं गोदाम,
म्हणून कुठलाही संगणक उघडला
की पंख्यातून आधी भंडारा उडतो.

दुधगावचे सुकुमार मगदूम दुपारी आले,
टॉवेलात गुंडाळलेली हार्डडिस्क घेऊन.
"गेली हो, ताई."
गेली की नाही ते मी ठरवते, हे मनातल्या मनात.
तोंडानं विचारलं, पडली? पाणी लागलं?
नाही. नाही.
चहा संपल्यावर मग हळूच,
भाच्यानं लॅपटॉपचा चार्जर लावला होता. पिन बसली की बरोबर.

पिन बसते, तीच तर खोड.
बाराच्या जागी एकोणीस व्होल्ट.

आत बावीस मैदानांच्या कुस्त्या.
"हौद्याच्या कडेला कॅमेरा धरून बसायचो,
पैलवान अंगावर येऊन पडायचे."

वीज दिली, कान लावला.
टकटक असती तर घाबरले असते, ते आतलं दुखणं.
ही नुसती गप्प.

सहा स्क्रू, चांदणीच्या तोंडाचे.
हिरवी पाटी उलटी केली.
काळवंडलेले ठिपके खोडरबरानं घासले
(लेकीच्या कंपासमधला, स्ट्रॉबेरीचा वास).
भिंगाखाली कुठं फोड नाही, डाग नाही.
आठ पायांची बारकी चिप जागेवर.
हिच्यात या एकाच डिस्कच्या खोडी लिहिलेल्या,
हुबेहूब दुसरी पाटी आणली तरी हिच्याशिवाय चालत नाही.
भावाच्या अंगठ्यावर भावाला रेशन मिळत नाही, तसं.

मग मीटर.
काळी तार जमिनीला, लाल बाराच्या वाटेवर.
पीं.
शून्य पॉइंट दोन.
सगळी वाट जमिनीत उतरलेली,
आणि वाटेवर एकच,
ज्वारीच्या दाण्याएवढा काळा डायोड.

एरवी त्याला बारा महिने काम नसतं, मी म्हटलं.
दाब वाढला की स्वतः आडवा होतो,
सगळं अंगावर घेऊन मातीत सोडतो.
मग उठत नाही.

"म्हंजे चीतपट?"
"चीतपट. पण आपणहून."
अण्णा जरा वेळ पाटीकडे बघत राहिले.
"आपणहून पडला तर आमच्यात नुरा म्हणतात, ताई.
ह्याला काय म्हणायचं?"

मला सुचलं नाही.
सोल्डरचं टोक टेकवलं, इकडून, तिकडून.
सुटला, चिमट्यातून उडाला, फरशीवर कुठंतरी गेला.
पुन्हा मीटर. आता आवाज नाही.
पाटी बसवली. या वेळी बाराचाच अडॅप्टर.
आधी एक हुंकार,
मग लांबच्या गिरणीसारखी
चढत जाणारी घरघर.

"हिला आता राखण नाही.
आज रात्रीत सगळं दुसरीकडे उतरवायचं."
पडद्यावर लाल माती, कुणाची तरी पाठ,
कोपऱ्यात पंचाचा अर्धा हात.

अण्णा ते बघत नव्हते.
मोबाइलचा उजेड धरून
पिवळ्या फरशीवर वाकले होते.
"राहू द्या, तो आता कामाचा नाही."
"तसं न्हवं," ते म्हणाले,
"पायाखाली येईल."